रोझारिओंच्या कॉफीचे पाच शनिवार

साकीनाका,
रविवार, ता. २९ नोव्हेंबर १९७०

आदरणीय नानामामा यांना भाचा अंबादास याचा सविनय जय भीम.

पत्राच्या सुरुवातीला सगळे खुशाल आहोत असं लिहायचं असतं, म्हणून तसं लिहितो. जया खरोखरच खुशाल आहे. मीही जेवतो-खातो, कारखान्यात जातो, अंगात ताप नाही. पण खुशाल हा शब्द लिहिताना पेन अडखळलं, एवढं नोंदवून ठेवतो. तुमचा डावा गुडघा कसा आहे? मनमाडला थंडी पडली असेल, तेव्हा तेल कोमट करून लावत जा (नुसता बाटलीवर हात फिरवून 'लावलं' म्हणून सांगू नका, मागच्या खेपेला जयानं तुम्हाला पकडलं होतं). शेळी व्याली का? तुम्ही दिलेली बाजरी केव्हाच संपली आणि आता रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकऱ्या नशिबी आल्या आहेत. सहा डिसेंबर जवळ आला. दरवर्षीप्रमाणे तुम्ही पाच तारखेला संध्याकाळी आमच्याकडे उतरणार आणि सकाळी आपण सगळे मिळून दादरला चैत्यभूमीला जाणार, असा तुमचा बेत असेल. त्या बेताबद्दल मला थोडं लिहायचं आहे. पण ते शेवटी लिहीन, कारण आधी इथली परिस्थिती तुम्हाला कळायला हवी, आणि परिस्थिती वाईट आहे.

सुरुवात झाली वैशाखात. आपल्या वस्तीतली बालवाडी तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या वर्षी तिच्या दारात बसून तुम्ही पोरांना भोवरा हातावर घ्यायला शिकवलात आणि बालवाडीच्या शांताबाई तुमच्यावर रागावल्या होत्या. (त्या अजून तिथेच आहेत आणि अजून रागावतात.) तर वैशाखात एक वावटळ अशी उठली की बालवाडीचं छप्पर, नऊच्या नऊ पत्रे, उडून नाल्यापलीकडच्या ख्रिस्ती गावठाणात गेले आणि रोझारिओंच्या अंगणात उतरले. रोझारिओ म्हणजे गावठाणातले जुने गृहस्थ. तीस वर्षं बोटीवर खानसामा होते, नोकरी संपल्यावर त्यांनी घराच्या ओसरीत कॉफी हाऊस काढलं. बोटीवरून उतरताना त्यांनी कॉफीचं एक पितळी यंत्र आणलं आहे. ते पोटात वाफ धरतं आणि वाफ जास्त झाली की ओरडतं. आमचे पत्रे पडले ते नेमके त्यांच्या बदकांच्या खुराड्यावर. आम्ही चौघं पत्रे मागायला गेलो तेव्हा रोझारिओ दोन मेलेली बदकं पुढ्यात घेऊन बसले होते आणि त्यांची थोरली बहीण पर्पेच्युआमावशी त्या बदकांचे गुण आल्यागेल्याला सांगत होती. माफी मागून आम्ही पत्र्यांकडे वळलो, तर त्यांची पार घडी झालेली. नाल्याच्या दोन्ही बाजूंची ओळख झाली ती अशी.

पुढे पावसाळा आला. पोरांना बसवायचं कुठे? शांताबाई सरळ एकतीस पोरं घेऊन रोझारिओंच्या ओसरीत गेल्या आणि म्हणाल्या, छप्पर तुमच्याकडे आलं तिथे पोरंही आली. रोझारिओ पडले भिडस्त. चार महिने त्यांच्या ओसरीत बाराखडी चालली आणि कॉफीची गिऱ्हाइकं एकेक करून पांगली, कारण 'ढ ढगाचा' असं एकतीस जणांनी कानाशी ओरडून सांगितल्यावर कॉफी घशाखाली उतरत नाही. शेवटी रोझारिओंनी जाहीर केलं की बालवाडीवर छप्पर चढवणं हे आपलं ख्रिस्ती कर्तव्य आहे. (पर्पेच्युआमावशी म्हणाली, "कर्तव्य कसला, कान किटलेत त्याचे.")

आता छपराला पत्रे हवेत आणि पत्र्यांना पैसे हवेत. युक्ती काढली रोझारिओंचा मुलगा गिल्बर्ट यानं. हा पंचविशीचा, विमानतळावर सामान तोलण्याच्या कामाला, केस मानेपर्यंत, आणि चर्चमध्ये गिटार वाजवतो. त्याचं म्हणणं, पाच शनिवार संध्याकाळी ओसरीत गाण्याचा कार्यक्रम करायचा, लोकांनी कॉफी घ्यायची, गाणं ऐकायचं, आणि जमेल ते पत्र्यांसाठी. अट एकच, गाणाऱ्यानं स्वतः रचलेलं गाणं म्हणायचं. रोझारिओंना ही अट फारच पटली. दुसऱ्याची गाणी रेडिओवर मिळतात, माझ्या कॉफीबरोबर माणसाचं स्वतःचं मिळालं पाहिजे, असं ते म्हणाले. कारखान्यात मी फिटर असलो तरी पेट्यांवर पत्ते रंगवायचं कामही माझ्याकडेच असतं, म्हणून मला चिटणीस केलं आणि ती अट रंगवायला दिली. मी मोठ्या हौसेनं, लाल अक्षरांत, खाली नागमोडी रेघ काढून पाटी रंगवली: 'येथे फक्त स्वतःची गाणी म्हणावीत.' पुढचं दिसलं असतं तर तो रंगाचा डबा त्याच दिवशी नाल्यात ओतला असता.

तुम्हाला मात्र ती पाटी आवडली असती, नाना. रंगवताना तुमचीच आठवण येत होती. तुमच्या गायनपार्टीतल्या पेटीवाल्या चंद्रप्रकाशनं जे केलं ते मी लहान असलो तरी पाहिलं आहे. आपल्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव असतं. त्यानं तुमच्या गाण्यांतून 'नाना' काढलं, आपलं नाव घातलं, आणि वर स्वतःचा फोटो टाकून चोपडी छापली. त्या दिवशी तुम्ही डिमडी खुंटीला लावलीत, त्याला अकरा वर्षं झाली. गाणं सोडलंत ते सोडलंतच, पण दुसऱ्याचं गाणंही तुम्ही पुरतं ऐकत नाही. लग्नात, जयंतीला, अगदी हॉटेलातल्या रेडिओसमोरसुद्धा, शेवटचं कडवं आलं की तुम्ही टोपी घालता आणि उठता. आता कुणाचं नाव येईल ते ऐकायला नको, म्हणून. हे सगळं मला माहीत आहे. हे मी इथे का लिहितोय, ते जाऊ द्या.

कॉफीचं सांगतो. वस्तीतल्या कुणालाही कॉफी आवडत नाही, हे आम्ही कुणीच रोझारिओंना सांगितलं नव्हतं. पहिल्या शनिवारी आपली माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली, कप हातात घेतले, एक घोट घेतला आणि सगळ्यांची तोंडं कडू औषध घेतल्यासारखी झाली. पण चांगल्या कामासाठी प्यायची म्हणून प्यायली. दुसऱ्या शनिवारी शांताबाईंनी मागच्या खिडकीतून किटली आत घेतली आणि पदराआड चहा वाटला. रोझारिओंना वाटलं, एका कपावर माणसं तास तास बसतात म्हणजे कॉफीचा किती मान राखतात! तिसऱ्या शनिवारी त्यांनी एका कपात डोकावून पाहिलं आणि यंत्रापाशी जाऊन उभे राहिले. त्यांची ती पाठमोरी बंडी मला अजून दिसते. बोटीवरच्या साहेबांनी नावाजलेली कॉफी, आणि आमच्या लोकांनी तिच्या कपात चहा प्यावा!

पहिला शनिवार गिल्बर्टचा. माणूस स्वतःचं गाणं रचतो म्हणजे स्वतःला ठाऊक असलेलंच रचतो, आणि गावठाणात एकाला जे ठाऊक असतं ते सगळ्यांनाच ठाऊक असतं, हा या कार्यक्रमातला मुख्य धोका कुणाच्या ध्यानात आला नव्हता. गिल्बर्टनं गाण्यात मुलीचं नाव घेतलं नाही. फक्त निळा फ्रॉक, हनुवटीवरचा तीळ, टेलिफोनच्या ऑफिसातली नोकरी आणि बसस्टॉप एवढं सांगितलं. सगळी ओसरी वळून दुसऱ्या रांगेतल्या जोसेफीनकडे पाहायला लागली. ती निळ्या फ्रॉकमध्येच बसली होती. 'तू हो म्हण' या ओळीला नेमकं यंत्र ओरडलं. वाफ निवेपर्यंत जोसेफीनची आई तिला दंडाला धरून घेऊन गेली होती. तेव्हापासून गिल्बर्टचं कशात लक्ष नाही, नुसता गिटार घेऊन बसतो आणि मात्रा मोजतो. या मोजण्याचा पुढे मला फार त्रास झाला.

दुसरा शनिवार पर्पेच्युआमावशीचा. तिचं सासर माहुलचं, कोळ्यांच्या शेजारात उभा जन्म गेला, नवरा गेल्यावर भावाकडे आली. तिनं गाणं रचलं होतं माहुलच्या खाडीवर. तेलाच्या कारखान्यांची धुराडी उगवली आणि बोंबिलाला रॉकेलचा वास कसा लागला, असं. फार चांगलं होतं, नाना, तुम्ही मान डोलावली असती. पण गावठाणातल्यांच्या लग्नातल्या गाण्यांत घरच्या प्रत्येकाचं नाव गुंफायची रीत आहे, आणि नाव राहिलं तर माणूस रुसतो. मावशीला वाटलं, ओसरीत बसलेले सगळे आपले घरचेच. तिनं नावं घ्यायला सुरुवात केली. आपल्या वस्तीतल्यांचीसुद्धा, बायकांना विचारून विचारून घेतली. सत्तेचाळीस नावं झाली. दोन राहिली. ते दोघं सख्खे भाऊ होते, आणि दुर्दैव असं की ओसरीतल्या बावीस खुर्च्या त्यांच्या घरच्या होत्या. ते उठले ते खुर्च्यांसकट. बसलेल्यांना उठवून, एकावर एक रचून, हातगाडीवर घालून घेऊन गेले, आणि उरलेलं गाणं आम्ही भिंतीला टेकून ऐकलं.

तिसऱ्या शनिवारी अंधेरीचे विद्याधर नावाचे बँकेतले गृहस्थ आले. गिल्बर्टला विमानतळावर भेटले होते. स्वच्छ धोतर, हळवा आवाज, गाण्याचा विषय एकटेपणा. ते डोळे मिटून गात असताना आपले मधुकर वॉचमन उठले आणि रुपयाची नोट घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. आपली रीत तुम्हाला सांगायला नको. नोट पुढे आली की गाणाऱ्यानं थांबायचं, देणाऱ्याचं नाव पुकारायचं, मग पुढची ओळ. विद्याधरांनी डोळे उघडले. समोर खाकी कपड्यातला माणूस नोट धरून उभा. त्यांना वाटलं, गाणं थांबवायचे पैसे देतोय. त्यांनी थांबवलं. मधुकर नाव पुकारायची वाट बघत उभे, विद्याधर समोरचा माणूस हलायची वाट बघत उभे, दोघं एकमेकांकडे बघतायत, आणि नाव पुकारलं नाही म्हणजे हा आमच्या माणसाचा अपमान आहे अशी मागून कुजबुज सुरू झालेली. मी मधे पडून समजावणार, तोवर विद्याधरांनी चष्मा पुसला, चप्पल घातली आणि गेले. माणूस एकटेपणावर गातो तेव्हा त्याला माणसांत आणू नये, एवढं मी शिकलो.

आता ओसरी भरलेली, गायक गेलेला, यंत्र ओरडतंय. तेव्हा शांताबाईंनी मला पाठीत धक्का दिला आणि मीही काहीतरी म्हटलं. कोणतं, ते महत्त्वाचं नाही. लोकांना बरं वाटलं असावं. काल चौथ्या शनिवारी तेच पुन्हा म्हणायला लावलं. तेव्हा शेवटच्या ओळीवरून गिल्बर्टचं आणि माझं थोडं बिनसलं, पण ती ठेक्याची बाब आहे, पत्रात सांगण्यासारखी नाही. एकूण, नाना, कार्यक्रमाची पार वाट लागली आहे. माणसं रुसलेली, खुर्च्या गेलेल्या, कॉफी वाया, जोसेफीनची आई नाल्याच्या या बाजूला बघतसुद्धा नाही, आणि छप्पर काही होत नाही. माझी अन्नावरची वासना उडाली आहे. पाचवा आणि शेवटचा शनिवार पाच डिसेंबरला, म्हणजे नेमका तुम्ही येण्याच्या दिवशी आहे. त्यात बघण्यासारखं काहीही नसेल.

गुडघ्याची काळजी घ्यावी. शेळीला जपा. जयाचा जय भीम.

तुमचा आज्ञाधारक,
अंबादास

ता. क. : एक सुचवायचं राहिलं. पाच तारखेला गाड्यांना अतोनात गर्दी असते आणि तुमचा गुडघा असा. त्यापेक्षा तुम्ही रात्रीच्या गाडीनं निघून सहाला पहाटे परस्पर दादरलाच उतरा. मी आणि जया तिथेच भेटू, आणि तिथूनच तुम्हाला परतीच्या गाडीत बसवून देऊ. साकीनाक्याला यायची मुळीच तसदी घेऊ नये. घरात रंगाचं काम काढलं आहे.

ता. क. दुसरा : रंगाचं काम काढलेलं नाही. नाना, मी 'कंदिल' म्हटलं.

शांताबाईंनी ढकललं तेव्हा मला दुसरं काही आठवेना. मी फिटर माणूस, मला कुठलं गाणं रचता येतं? मी तोंड उघडलं आणि तुमचंच आलं.

कंदिल घेउन बाप चालला रुळारुळानं रात,
गाडी गेली, गाव निजला, जागी त्याची वात.

गिल्बर्टनं हळूच गिटार धरली. ओसरी अशी शांत झाली की रोझारिओंनी उठून, ते मधेच ओरडू नये म्हणून, यंत्राची वाफ सोडून दिली. मी गात गेलो. मला गाता येतं हे मलाच ठाऊक नव्हतं. मग शेवटचं कडवं आलं, आणि मी समोर पाहिलं तर भिंतीवर माझ्याच हातची पाटी, लाल अक्षरं, खाली नागमोडी रेघ. जीभ वळली. 'नाना म्हणे' च्या जागी 'अंबादास म्हणे' असं बाहेर पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हाच सांगायचं होतं, सांगितलं नाही. सोमवारी कारखान्यात मुकादमानं मला शाहीर म्हणून हाक मारली. शांताबाई माझ्यावर आठवडाभर रागावल्या नाहीत. मला ते आवडलं, नाना. खोटं कशाला सांगू, फार आवडलं.

आता शिक्षा ऐका. शांताबाईंनी ते गाणं बालवाडीच्या एकतीस पोरांना शिकवलं. ती पोरं वस्तीत, नाल्यावर, नळावर, सगळीकडे 'अंबादास म्हणे' करत हिंडतात. एका पोराला गोळी देऊन गप्प करता येतं, एकतिसांना कसं करू? तुम्ही गल्लीत पाऊल टाकाल आणि तिसऱ्या मिनिटाला ते तुमच्या कानावर पडेल. तुम्ही टोपी घालाल आणि आल्या पावली परत जाल. चंद्रप्रकाश परका होता. मला तुम्ही तुमच्या ताटात जेवू घातलंय. बाप रुळावर रात्रीच्या गस्तीत वारला तेव्हा मी पाच वर्षांचा. तुम्ही मला खांद्यावर बसवून मनमाडला आणलंत आणि हे गाणं केलंत. अकरा वर्षं तुम्ही गात नाही, आणि मी तुमचं हे एवढं एकच गाणं उचललं. म्हणून येऊ नका असं लिहिलं. मला तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटते.

ता. क. तिसरा (हे अक्षर जयाचं) : नानांना जयाचा जय भीम. यांनी पत्र टाकायला माझ्याकडे दिलं आणि लखोटा चिकटवायला विसरले, म्हणून वाचलं. कार्यक्रमाची वाट लागली वगैरे सगळं खोटं आहे. चौथ्या शनिवारी माणसं अंगणात उभी होती. खुर्च्यावाले दोघं भाऊ खुर्च्या घेऊन परत आले, पर्पेच्युआमावशीनं त्यांच्यावर वेगळं कडवं केलंय. विद्याधर परत येऊन गेले, त्यांनी मधुकरभाऊंचं नाव पुकारलं, जरा जास्तच मोठ्यानं. रोझारिओ आता स्वतःच चहा करतात, त्याला कॉफी म्हणतात, आम्हीही म्हणतो. बालवाडीवर सात पत्रे चढले, दोन राहिलेत. यांना यातलं काही दिसत नाही, कारण यांचा जीव दुसरीकडेच टांगलेला आहे.

गिल्बर्टशी बिनसलं ते असं. त्याला आपल्या नावाच्या रिवाजाचं काही ठाऊक नाही. पण दोन्ही वेळा शेवटच्या ओळीत त्याचा हात अडखळला. काल तो यांना सगळ्यांसमोर म्हणाला, "अंबादास, यार, बाकी गाणं एकदम झकास, पण इकडे तुझं नाव बसत नाय ना. इकडे दोन अक्षरांचा माणूस पायजे. कोण होता तो?" हे म्हणाले, कोणी नाही. तो म्हणाला, "मग मी नाय वाजवत. चुकीच्या मापाचा स्क्रू तू तरी मारतोस काय?" त्यावर फिटर असलेले हे उठले आणि सरळ घराकडे निघाले. घरी आल्यावर जेवले नाहीत.

मी एवढंच म्हटलं यांना. गाण्यात पुढे 'लेकरा माझ्या' आहे. ते लेकरू म्हणजे तुम्हीच ना? मग लेकरू आणि म्हणणारा दोन्ही तुम्ही कसे व्हाल? आपल्याच खांद्यावर कुणी बसतं का? तेव्हा हे रडले. नाना, तेल आणून ठेवलंय. गुडघ्याचं खोटं चालणार नाही.

ता. क. चौथा, सोमवार सकाळ : जयानं लिहिलेलं मी खोडणार होतो, पण तिनं पेन दिलं नाही, आता दिलंय. मी आज कामावर जायच्या आधी रोझारिओंकडे गेलो आणि बापलेकांना सगळं सांगितलं. रोझारिओंनी यंत्र पुसून फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, पाटी तूच रंगवलीस, तूच दुरुस्त कर. म्हणून मी खाली, रेघेच्या वर जागा होती तिथे, जोडलं: 'किंवा ज्याचं असेल त्याचं नाव घेऊन.' मग बालवाडीत गेलो आणि एकतीस पोरांसमोर उभं राहून सांगितलं की मी गाण्यात चुकीचं नाव घातलं. शांताबाई फार रागावल्या. पोरांना त्याचं काही नाही. त्यांनी तिथल्या तिथे बदलून म्हटलं. गिल्बर्ट म्हणतो, आता बरोबर बसलं.

नाना म्हणे, लेकरा माझ्या, तूच हो आता वात,
कंदिल पडला वाटेवरती, सरून जाईल रात.

रात्रीच्या गाडीचं वर लिहिलंय ते रद्द समजावं. पाच तारखेला या. डिमडी आणा असं मी म्हणत नाही; ती खुंटीवरून काढायची की नाही, ते तुम्ही बघा. मी पोरांना घेऊन म्हणणार आहे. तुमच्यासाठी पुढची खुर्ची त्या दोघा भावांनी कबूल केली आहे. माझ्यावर रागावा, जेवू नका, बोलू नका, तेही चालेल. एवढंच करा, नाना. शेवटचं कडवं होईपर्यंत उठू नका.